४.७ जीबीच्या डिस्कवर पाच कॅसेटी का बसल्या नाहीत: एका वाचनालयाचं प्रकरण

तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. दर हिवाळ्यात तिथे व्याख्यानमाला होते, आणि १९८० नंतरच्या वीसेक वर्षांतली बहुतेक पुष्पं कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून ठेवलेली आहेत. सगळ्या मिळून दोनशे कॅसेटी: एकशे साठ व्याख्यानांच्या आणि चाळीस गायनाच्या. जवळजवळ सगळ्या नव्वद मिनिटांच्या. कोकणातल्या हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, फीत एकमेकीला चिकटते, आणि एकदा तशी चिकटली की सोडवताना तिच्यावरचा थरच निघून येतो. त्यामुळे हे काम आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता. कार्यकारी समितीनं सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायचं ठरवलं.

साठवणीसाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतल्या आणि त्यांच्या जोडीला कोऱ्या डीव्हीडी. आजच्या काळात डीव्हीडी कशाला, असा प्रश्न समितीतल्या तरुण सभासदांनी विचारला, आणि तो रास्तच होता. त्याचं उत्तर असं की हार्ड डिस्क हातातून पडते, तिच्यात व्हायरस शिरतो, कुणाच्या तरी चुकीनं एक फोल्डर पुसलं जातं आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवरही तीच चूक उतरते. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर लिहिलेलं नंतर कुणाला चुकूनही पुसता येत नाही. तिसरी प्रत वेगळ्या जातीच्या माध्यमावर असावी हा संग्रहकामातला जुना आणि खरा नियम आहे. माझं स्वतःचं मतही तेच आहे आणि मी ते समितीपुढे ठामपणे मांडलं होतं.

खरेदीचा हिशोब मात्र समितीनं मला विचारण्याआधीच केला होता. सीडीच्या दर्जाचा आवाज, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं (त्यांना नमुने म्हणतात), प्रत्येक १६ बिटचं, स्टिरिओ. त्यात एका तासाला ६३५ एमबी लागतात, नव्वद मिनिटांना ९५० एमबीच्या आसपास. पाच कॅसेटी म्हणजे पावणेपाच जीबी, डिस्क ४.७ ची, थोडं इकडेतिकडे होईल, पण बसतील. दोनशे कॅसेटींना चाळीस डिस्क, दोन संचांना ऐंशी. वीस वरचढ धरून पन्नासचे दोन पॅक गावातल्याच दुकानातून आणले.

पहिल्या पाच कॅसेटी चाचणी म्हणून उतरवल्या. पाचही व्याख्यानं मिळून बरोबर साडेसात तास भरली. ग्रंथपाल मॅडमनी फोल्डरवर राइट क्लिक करून पाहिलं तर विंडोजनं आकार दाखवला ४.४३ जीबी. सगळे निर्धास्त झाले, कारण डिस्कवर छापलं होतं ४.७. डिस्क ड्राइव्हमध्ये घातली आणि बर्न करायला दिली, तर सॉफ्टवेअरनं जागा अपुरी असल्याचं सांगून काम नाकारलं. दुसरी डिस्क घातली, तिसरी घातली, दुसऱ्या पॅकमधली घातली. तेच.

निष्कर्ष लगेच निघाला: माल बोगस आहे, डिस्क कमी मापाच्या आहेत. समितीच्या लेटरहेडवर दुकानदाराला तक्रारीचं पत्रही गेलं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. तो दुकानदार वर्षानुवर्षं वाचनालयाला स्टेशनरी पुरवतो. त्यानं पत्र घेऊन मला फोन केला आणि म्हणाला, "सर, मी सीलबंद पॅक दिलाय. कंपनीनं छापलंय तेवढंच मी सांगितलं. मी त्यातली जागा कशी कमी करणार?" त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. डिस्कमध्ये छापलेली प्रत्येक बाइट होती.

दोन मापं, एकच नाव

मी वाचनालयात गेलो तेव्हा मॅडमना एवढंच सांगितलं, की जीबीचा आकडा सोडा आणि प्रॉपर्टीजमध्ये त्याच्या शेजारी कंसात जो लांबलचक आकडा असतो तो वाचा. फोल्डरचा आकडा निघाला ४,७६,२८,००,००० बाइट आणि वर फाइलींच्या शीर्षभागाच्या थोड्या. म्हणजे ४७६ कोटी. डिस्क डीव्हीडी प्लस आर प्रकारातली होती. त्या प्रकारात २२,९५,१०४ सेक्टर, म्हणजे माहितीचे सारख्या आकाराचे कप्पे, असतात आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइट. गुणाकार केला की ४,७०,०३,७२,९९२ बाइट, म्हणजे ४७० कोटी.

४७६ कोटी ४७० कोटीत बसत नाहीत. कोटीत मांडलं की हे शाळकरी पोरालाही दिसतं. कमी पडले ते ६ कोटी २४ लाख बाइट, म्हणजे त्या दर्जाचा जवळपास सहा मिनिटांचा आवाज.

मग विंडोज ४.४३ का म्हणालं? डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं, १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४. म्हणजे विंडोजचं माप सव्वासात टक्क्यांहून थोडं मोठं आहे, आणि मोठ्या मापानं मोजलं की तेच धान्य कमी माप भरतं. या दोन मापांना वेगळी नावं असावीत म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं १९९८ मध्ये मोठ्या मापासाठी गिबीबाइट, मेबीबाइट अशी नावं ठरवली. विंडोजनं ती वापरली नाहीत. ॲपलनं मॅकच्या २००९ सालच्या आवृत्तीपासून दशमान माप स्वीकारलं. अध्यक्षांच्या मुलीकडे मॅक होता. फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन तो त्यावर लावला तर त्याच फाइली ४.७६ जीबी दिसल्या. कार्यवाहांची खात्री पटली ती तिथे. माझ्या गुणाकारानं ती पटली नव्हती.

कोरी डिस्क विंडोजमध्ये घातल्यावर ४.३७ जीबी मोकळी जागा दाखवली जाते. तो आकडा आधी पाहिला असता तर पत्र गेलं नसतं. खोक्यावरचा आकडा आणि विंडोजचा आकडा एकमेकांशी ताडून पाहणं हीच मूळची गफलत. विंडोजचा आकडा विंडोजशी ताडावा, किंवा दोन्हीकडे बाइट मोजाव्यात. मी स्वतः बाइट मोजतो, कारण बाइटीला दुसरा अर्थ नाही.

समितीच्या मनात खोक्यावरच्या आकड्याबद्दल एवढा विश्वास का होता, याचंही कारण आहे. ही सगळी मंडळी सीडीवर शिकलेली. सीडीवर ७०० एमबी लिहिलेलं असतं आणि विंडोजही ७०० च्या वरच जागा दाखवतं. ऐंशी मिनिटांच्या सीडीत सेकंदाला ७५ सेक्टर या हिशोबानं ३,६०,००० सेक्टर असतात. माहितीसाठी प्रत्येकी २,०४८ बाइट धरल्या तर ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट. मोठ्या मापानं ७०३ एमबी. म्हणजे सीडीवाल्यांनी खोक्यावर मोठ्या मापाचा आकडा छापला आणि डीव्हीडीवाल्यांनी लहान मापाचा. दहा वर्षं सीडी वापरून हाताला जी सवय लागली, तिनंच डीव्हीडीच्या वेळी दगा दिला.

सीडीची आणखी एक गंमत कॅसेटी उतरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. तिच्यावर ऐंशी मिनिटांचं गाणं ऑडिओ सीडी म्हणून बसतं, पण तेच ऐंशी मिनिटं वेव्ह फाइल (न दाबलेल्या आवाजाची संगणकी फाइल) म्हणून बसत नाही. ऑडिओ सीडीत सेक्टरच्या पूर्ण २,३५२ बाइट आवाजासाठी वापरतात. माहिती लिहिताना त्यातल्या ३०४ बाइट ओळख आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवाव्या लागतात, कारण गाण्यात एखादा नमुना चुकला तर कानाला कळत नाही, पण फाइलीत एक बाइट चुकली तरी फाइल बिघडू शकते. त्यामुळे वेव्ह फाइल म्हणून त्याच सीडीवर साडेएकोणसत्तर मिनिटांच्या आसपासच बसतं. साठ मिनिटांची कॅसेट आरामात, नव्वदची कुठल्याच पद्धतीनं नाही.

खोक्यावरचे इतर आकडे

समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी वेगळाच मुद्दा काढला होता. खोक्यावर १२० मिनिटं छापलेलं आहे. मग नव्वदची एक कॅसेट आणि वर अर्धा तास एवढंच बसणार, चाळीस नव्हे तर दोनशे डिस्क लागणार. हा गैरसमज पहिल्याच्या उलट टोकाचा होता, आणि तो ऐकून काही जण प्रकल्पच सोडून द्यायच्या विचारात होते. डीव्हीडीवरची १२० मिनिटं चित्रपटाची आहेत: सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट खर्च होतील अशा दर्जाच्या व्हिडिओची. सीडीवरची ८० मिनिटं आवाजाची, आणि ती काटेकोर. डीव्हीडीवरची मिनिटं फक्त अंदाजाची. आवाजाच्या कामात त्या आकड्याकडे बघायचंच नाही.

१६एक्स हा आकडा वेगाचा. जास्तीत जास्त किती वेगानं लिहिता येईल तो. त्याचा जागेशी संबंध नाही. डीव्हीडी मायनस आर आणि डीव्हीडी प्लस आर यांच्यात जागेचा फरक नावापुरता आहे: मायनस आरमध्ये ४७० कोटी ७३ लाख बाइट, प्लस आरमध्ये ४७० कोटी ३ लाख. मायनस आर पायोनियरनं १९९७ मध्ये आणली, प्लस आर २००२ मध्ये आली. आजचे ड्राइव्ह दोन्ही लिहितात, वाचतात. दोन थरांची डीएल डिस्क खोक्यावर ८.५ जीबी सांगते आणि विंडोजमध्ये ७.९६ भरते. ती मी संग्रहासाठी सुचवत नाही. दुसरा थर पहिल्याच्या आरपार लिहायचा असतो, त्यात चुका जास्त होतात, आणि किंमत दोन साध्या डिस्कपेक्षा जास्त पडते.

बाजारात पूर्वी ९० आणि ९९ मिनिटांच्या सीडीही मिळत. त्या मानकाच्या बाहेरच्या. काही ड्राइव्ह त्या वाचत, काही नाही. असला माल जुन्या साठ्यात दिसला तर घेऊ नये.

दुसऱ्या पॅकचं खरं दुखणं

मापाची तक्रार खोटी ठरली, पण तपासताना एक खरी अडचण सापडली, आणि ती जागेपेक्षा गंभीर होती.

कोऱ्या डिस्कच्या आतल्या कडेला कारखान्यातच एक सांकेतिक नाव कोरलेलं असतं. डिस्क प्रत्यक्षात कुणी बनवली, कुठल्या जातीची आहे, हे ते नाव सांगतं, आणि ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला कायमचा प्रोग्रॅम, त्यावरूनच लेझर किती जोरानं चालवायचा ते ठरवतं. खोक्यावरचा ब्रँड आणि हे सांकेतिक नाव एक असेलच असं नाही. ब्रँडवाले कारखान्यांकडून डिस्क विकत घेऊन आपलं नाव छापतात. वाचनालयाचे दोन्ही पॅक एकाच ब्रँडचे, खोकी सारखी, किंमत सारखी. पण इमेजबर्न या मोफत प्रोग्रॅमनं वाचलं तर दोघांचे कारखाने वेगळे निघाले.

म्हणून प्रत्येक पॅकमधली एक डिस्क काठोकाठ भरली आणि ज्या ड्राइव्हवर लिहिली त्यावर नव्हे, तर दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हवर वाचून फाइली पडताळल्या. पहिल्या पॅकची डिस्क स्वच्छ वाचली गेली. दुसऱ्या पॅकची शेवटच्या काही फाइलींवर अडकली. त्याच पॅकमधली आणखी एक भरली, ती पुन्हा शेवटाकडेच अडखळली. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि रंगद्रव्याचा थर बाहेरच्या कडेला असमान पसरलेला असला तर दोष तिथेच दिसतो. अर्धी भरलेली डिस्क असती तर हे कळलंच नसतं.

ही गोष्ट मी दुकानदाराला समोर बसवून दाखवली. त्यानं वाद न घालता पॅक बदलून दिला. ज्या माणसावर मापात मारल्याचा ठपका ठेवला होता, तो दुसऱ्या खऱ्या दोषाच्या वेळी असा वागला, हे मी समितीला मुद्दाम लिहून कळवलं, आणि कार्यवाहांनी दिलगिरीचं पत्र पाठवलं.

चांगली डिस्क ओळखणं पूर्वी सोपं होतं. ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरचा माल देशात कुठेही मिळे. ती एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी होती. २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. जपानी तैयो युदेन, जिच्या डिस्क संग्रहवाले शोधून शोधून घेत, २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. व्हर्बॅटिम हे नाव २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेलं. त्यामुळे जुन्या अनुभवावर "अमुक ब्रँड घ्या" असं सांगणं आता मला प्रामाणिक वाटत नाही. पॅक कुठलाही घ्या, त्यातली एक डिस्क काठोकाठ भरा, दुसऱ्या ड्राइव्हवर पडताळा, आणि मगच उरलेल्यांवर विश्वास ठेवा.

जागा वाढली नाही, गरज कमी झाली

आता मूळ प्रश्न. चारच कॅसेटी एका डिस्कवर घेतल्या तर पन्नास डिस्कचा एक संच, दोन संचांना बरोबर शंभर, आणि बिघडणाऱ्या डिस्कसाठी एकही शिल्लक नाही. सभासदांनी सुचवलं, एमपी३ करू, सगळं दहा डिस्कवर येईल. ते मी मान्य केलं नाही. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं. ज्या वक्त्यांचा आवाज आता फक्त या फितीवर उरला आहे, त्यांची मूळ प्रतच कापून ठेवायची हे मला पटण्यासारखं नव्हतं. ऐकण्यासाठी एमपी३ वेगळी करावी, ती आम्ही केलीही.

व्याख्यानाच्या कॅसेटी हेडफोन लावून ऐकल्या तेव्हा उत्तर सापडलं. व्याख्यानं एका मायक्रोफोनवर, साध्या मोनो टेपरेकॉर्डरनं मुद्रित केलेली होती. स्टिरिओ डेकवर वाजवून उतरवल्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूला तोच आवाज दोनदा साठत होता. निम्मी जागा पुनरावृत्तीत जात होती.

इथे एक सावधगिरी आहे. दोन बाजू एकत्र मिसळून मोनो करायची नाही. डेकचं हेड फितीशी किंचित तिरपं असेल तर दोन्ही बाजूंना आवाज एका क्षणाच्या फरकानं पोचतो, आणि मिसळल्यावर वरचे, तीक्ष्ण स्वर एकमेकांना खातात. श, स, च बोथट होतात. दोन्ही बाजू ऐकून जी स्वच्छ आहे ती एकच ठेवायची. काही फितींवर डावी बाजू बुरशीनं खराब होती आणि उजवी उत्तम. तिथे तर मिसळणं म्हणजे चांगल्यात वाईट ओतणं झालं असतं.

जागा वाचल्यावर दर्जा वाढवणं शक्य झालं. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संग्रहाची किमान पातळी ४८,००० नमुने आणि २४ बिट आहे. मोनोमध्ये त्याला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, पूर्वीच्या १,७६,४०० पेक्षा कमीच. नव्वदची फीत प्रत्यक्षात थोडी जास्त चालते, म्हणून ९३ मिनिटं धरली: एका कॅसेटला ८० कोटी ३५ लाख बाइट. पाच कॅसेटी ४०१ कोटी ७६ लाख. डिस्क ४७० कोटींची. म्हणजे समितीनं सुरुवातीला ठरवलेल्या पाचच कॅसेटी, आधीपेक्षा चांगल्या दर्जाच्या, आणि तरी ६८ कोटी बाइट मोकळ्या.

त्या मोकळ्या जागेवर लगेच दुसरं काही भरण्याचा मोह झाला, तो मी होऊ दिला नाही. त्यातल्या ४० कोटी पार२ प्रकारच्या दुरुस्ती-फाइलींना दिल्या. मूळ फाइलींचा सुमारे दहा टक्के भाग पुढे वाचता आला नाही तरी त्यांच्यावरून मूळ फाइली परत उभ्या करता येतात. उरलेली कड कोरी ठेवली, कारण दोष तिथेच सुरू होतात हे दुसऱ्या पॅकनं दाखवून दिलं होतं. पहिल्या पाच कॅसेटी नव्या पद्धतीनं पुन्हा उतरवल्या. जुन्या फाइलींवरून दर्जा वाढवता येत नाही.

गायनाच्या चाळीस कॅसेटी खऱ्या स्टिरिओ आहेत. तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला. तिथे दोन्ही बाजू ठेवायलाच हव्यात. वेव्हमध्ये एका कॅसेटला १६० कोटी बाइट लागतात, म्हणजे डिस्कवर दोनच. या कॅसेटींसाठी फ्लॅक वापरलं. ते आवाजातलं काहीही न टाकता फाइल लहान करतं, उलगडली की बाइट न् बाइट मूळची. चाचणीत एका डिस्कवर तीन कॅसेटी आणि दुरुस्ती-फाइली नीट बसल्या, चार बसल्या नाहीत. व्याख्यानांसाठीही फ्लॅक वापरता आलं असतं, पण तिथे जागेची ओढ नव्हती, आणि वेव्ह फाइल पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याला सोपी जाईल असं मला वाटतं. शिवाय एका डिस्कवर आठ व्याख्यानं कोंबली तर एक डिस्क गेल्यावर आठ व्याख्यानं जातात.

लिहिताना

कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारतं, ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पेन ड्राइव्हसारखी निवडली की थोडंथोडं लिहिता येतं, पण त्या सोयीसाठी जागा खर्ची पडते आणि डिस्क दुसरीकडे न उघडण्याचा धोका राहतो. संग्रहासाठी दुसरा पर्याय घ्यावा आणि एका दमात लिहून डिस्क बंद करावी. सीडीवर तुकड्यातुकड्यांनी लिहिण्याची किंमत तर ठरलेलीच आहे: दुसऱ्या खेपेला २२ एमबी आणि त्यापुढच्या प्रत्येक खेपेला तेरा एमबीच्या आसपास जागा नुसत्या सीमारेषांत जाते.

फाइलींच्या नावांनी थोडा वेळ खाल्ला. मॅडमनी प्रत्येक फाइलीला वक्त्याचं नाव, विषय, साल, पुष्प असं सविस्तर मराठी नाव दिलं होतं. डिस्कवर ती नावं मधेच तुटली. डिस्कवर फाइली मांडण्याच्या जोलिएट या जुन्या रचनेत नावाला ६४ चिन्हांची मर्यादा आहे आणि त्यात देवनागरीचा प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण वेगळी मोजली जाते. व्याख्यानमाला या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, संगणक तेरा मोजतो. यूडीएफ रचनेत मर्यादा दुपटीच्या जवळ जाते, म्हणून आम्ही ती घेतली, आणि तरीही फाइलींना छोटे क्रमांक देऊन पूर्ण माहिती प्रत्येक डिस्कवरच्या एका सूचीत ठेवली. दोनशे कॅसेटींची ही सूची मॅडमनी जुन्या कार्यक्रमपत्रिका काढून, तारखा जुळवून तयार केली. सगळ्या कामात मोलाची गोष्ट कुठली म्हणाल तर तीच.

वेग ८एक्स ठेवला. सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात चांगला असं नसतं. १६एक्सच्या डिस्क मधल्या वेगाला उत्तम लिहिल्या जातात असा माझा अनुभव आहे. प्रत्येक डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर पडताळली. डिस्कवर चिकट लेबल लावलं नाही. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या पेननं फक्त क्रमांक लिहिला. डिस्क स्वतंत्र डब्यांत उभ्या, अंधाऱ्या कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत. दुसरा संच घाटावरच्या एका शाळेत ठेवायला दिला, तिथली हवा कोरडी आहे.

शेवटचा हिशोब

व्याख्यानांच्या एकशे साठ कॅसेटींना बत्तीस डिस्क, दोन संचांना चौसष्ट. गायनाच्या चाळीस कॅसेटींना चौदा, दोन संचांना अठ्ठावीस. एकूण ब्याण्णव. शंभरातल्या उरलेल्या आठ चाचण्यांसाठी आणि बिघडणाऱ्यांसाठी. नवी खरेदी करावी लागली नाही.

राहिल्या आहेत त्या व्हीएचएस टेप, व्याख्यानमालेच्या समारोपांच्या. त्यांना डीव्हीडी पुरणार नाही हे समितीला आता समजावून सांगावं लागलं नाही. कार्यवाहांनी स्वतःच गुणाकार मांडला. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला ३६ लाख बाइट लागतात, म्हणजे एका डीव्हीडीवर पावणेबावीस मिनिटं. एक थराची ब्ल्यू-रे डिस्क खोक्यावर २५ जीबी सांगते. तिच्यात २,५०२ कोटी बाइट असतात, विंडोजमध्ये २३.३ जीबी, दोषांसाठी राखीव जागा ठेवून फॉरमॅट केली तर २,४२२ कोटी उरतात. त्यात ११२ मिनिटं बसतात. तीन तासांच्या एका टेपला दोन डिस्क. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याजोग्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे ही खरेदी पुढच्या वर्षावर न टाकता याच अंदाजपत्रकात धरावी असं मी सुचवलं आहे. डिस्क विकत घेताना रंगद्रव्याच्या एलटीएच प्रकारातल्या टाळून अजैविक थराच्या एचटीएल प्रकारातल्याच मागवायच्या, आणि ड्राइव्ह दोन घ्यायचे, एक लिहायला आणि एक पडताळायला, असं दुकानदाराला लेखी कळवलं आहे. ऑर्डर त्याच दुकानाला दिली आहे.